कारल्याच्या रसाला माप कुठंय?

या महिन्यात जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची, शुगरवर झाडपाला चालतो का. त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा, रागावू नका. एक आधीच सांगून ठेवतो, मी गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आहे पण माझी आई यावलकडची, आमच्या घरी फळीवर वाळलेल्या जांभूळबियांची बरणी कायम असायची, म्हणजे पाल्याचं नाव काढलं की नाक मुरडणारा मी नाही. पण काही उत्तरं खाली जरा कडक झालीयेत. त्याला इलाज नाही.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, वय ५२, चोपडा तालुक्यात केळी आणि कापूस करतो. सहा वर्षांपासून शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी दोन टाइम चालू आहे. दोन महिन्यांपासून रोज सकाळी उपाशीपोटी ग्लासभर कारल्याचा रस घेतोय. उपाशीपोटीची शुगर १८० ची १३२ झाली. आता गोळी सोडली तर चालेल का?

उत्तर : नाही भाऊ. आणि खरं तर मला तुमच्या गोळीपेक्षा तुमच्या ग्लासाचीच काळजी वाटतेय.

आधी मला सांगा, या दोन महिन्यांत दुसरं काय काय बदललं? कारण जो माणूस सकाळी उठून कारलं किसून, पिळून, नाक दाबून पितो तो दिवसभर बाकीचं पण पथ्य पाळतो, चहात साखर घालत नाही, रात्री भाताऐवजी दादर ज्वारीची भाकरी खातो, शेतात चक्कर मारतो. मग शुगर उतरते आणि सगळं श्रेय कारल्याला जातं. तुमच्या बाबतीत असंच झालं असं मी म्हणत नाही, पण विचारून बघा स्वतःला.

कारल्यात काहीच नाही असं पण नाही. चॅरँटिन नावाचं द्रव्य आहे, शिवाय इन्शुलिनसारखं वागणारं एक प्रथिन आहे ज्याला पॉलिपेप्टाइड-पी म्हणतात. पण प्रथिन तोंडाने घेतलं की पोट त्याचं वरण करून टाकतं, इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं ते त्याच कारणाने. थायलंडमध्ये २०११ साली कारल्याच्या वाळवलेल्या फळाच्या कॅप्सूल देऊन मेटफॉर्मिनशी तुलना केली होती, चार आठवडे. रोज २००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये थोडा फरक दिसला, त्याहून कमी डोसात नाही, आणि तो फरक सुद्धा रोजच्या १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमीच. पुढे २०१२ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (औषधांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी ही संस्था) सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि म्हणाले, कारलं शुगरवर द्या असं सांगण्याइतका पुरावा नाही. म्हणजे जेवढा गवगवा तेवढं बळ त्यात नाही, आणि अगदीच पाणी पण नाही, आणि घोळ तिथेच आहे.

कारण तुमची ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पराणी टोचल्यासारखं काम करते, साखर असो नसो, इन्शुलिन सोड म्हणते. त्यात वरून उपाशीपोटी कारल्याचा रस. आज बाजारात कोवळं हिरवं कारलं मिळालं, उद्या जून, बिया भरलेलं, परवा बायको माहेरी गेली म्हणून तुम्ही स्वतः पिळलं आणि पाणी घालायलाच विसरलात. गोळी रोज तेवढीच, रस रोज वेगळा. १९७९ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात असाच प्रकार छापून आला होता, शुगरची क्लोरप्रोपामाइड ही गोळी घेणाऱ्या पेशंटच्या जेवणात कारल्याची भाजी होती आणि दोघांचा परिणाम एकमेकांवर चढला.

माझ्याच एका पेशंटचं सांगतो. एसटी स्टँडवर तिकिटाच्या रांगेत उभे होते, सकाळी रस पिऊन गोळी घेऊन निघालेले, नाश्ता गावी पोचल्यावर करू म्हणून ठेवलेला. घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं लडबडलं. रांगेतल्या लोकांना वाटलं सकाळी सकाळी पिऊन आलाय, दोघं तर हसले पण. चहाच्या टपरीवरच्या पोराच्या घरी शुगरचा पेशंट होता, त्याने ओळखलं, साखरेचं पाणी पाजलं. दवाखान्यात आणेपर्यंत पाणी पोटात जाऊन दहा मिनिटं झाली होती तरी मशीनवर आकडा आला ५२.

तर कारलं खायचंय ना, भाजी करून खा, जेवणात. रस बंद. गोळी कमी करता येईल का ते तुमचे डॉक्टर आठवडाभराचे उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडे बघून ठरवतील, वहीत लिहून न्या. आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर असू द्या, ७० च्या खाली गेलं की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजा.

प्रश्न : यात्रेतून सासऱ्यांसाठी लाकडी ग्लास आणलाय, विजयसारचा म्हणून. ४५० रुपयांना दिला. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. खरा आहे का हे कसं ओळखायचं आणि उपयोग होतो का? (भुसावळ)

उत्तर : ताई, विजयसार म्हणजे आपला बिबला. सातपुड्यात आहे, त्याला कुऱ्हाड लागली की रक्तासारखा लाल डिंक येतो, जुन्या लोकांना तो हिरादखण म्हणून माहीत असेल. खऱ्या बिबल्याच्या गाभ्याचं लाकूड पाण्यात ठेवलं की पाणी पिवळट तांबूस होतं, कोऱ्या चहासारखं, आणि उन्हात तिरपं धरलं की कडेला निळसर झाक मारते. मी दवाखान्याच्या खिडकीत ठेवून बघितलंय, दिसते ती झाक, गंमत वाटते. निळी झाक नसेल आणि नुसता रंग उतरत असेल तर कुठलंतरी लाकूड रंगवून दिलं असणार.

आता उपयोग. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, यावर अभ्यास केला होता, १९९८ मध्ये छापून आला. नव्याने शुगर निघालेले ९७ पेशंट, १२ आठवडे, त्यातल्या ६७ जणांची शुगर आटोक्यात आली. ऐकायला झकास वाटतं ना? पण त्यात तीन गोष्टी आहेत. एक, ते सगळे सुरुवातीच्या, सौम्य शुगरचे होते, तुमच्या सासऱ्यांसारखे जुने पेशंट नव्हते (शुगर किती वर्षांची ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण सासरे आहेत म्हणजे जुनी असेल). दोन, शेजारी साधी बिनऔषधाची गोळी घेणारा गट नव्हता, त्यामुळे पथ्याने किती आणि औषधाने किती ते कळायला मार्ग नाही. तिसरी म्हणजे त्यांना ग्लासातलं पाणी दिलंच नव्हतं, दिवसाला दोन ते चार ग्रॅम मोजून अर्क दिला होता. तुमच्या ग्लासात पहिल्या आठवड्यात पाणी गडद होईल, महिन्याभराने फिकं, तीन महिन्यांनी नुसतं लाकडाचा वास असलेलं पाणी, आणि ओलं राहून तळाला बुरशी धरली तर ते वेगळंच.

प्यायचं तर पिऊ द्या, माझी हरकत नाही, ग्लास रोज उन्हात सुकवा. फक्त सासऱ्यांनी गोळीच्या जागी ग्लास ठेवू नये.

प्रश्न : माझी आजी मेथी भिजवून खायला सांगते. किती खायची? (अमळनेर)

उत्तर : आजीचं ऐका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीवर बरंच काम केलंय आणि त्यांचा आकडा साधारण रोज २५ ग्रॅम बियांचा आहे. २५ ग्रॅम म्हणजे किती हे एकदा काट्यावर मोजा, सहा-सात चमचे होतात, आपण चिमूटभर मेथी गिळून "मेथी चालू आहे" म्हणतो ते काही खरं नाही. बियांमध्ये चिकट तंतू असतात, पाण्यात फुगतात, पोटातून अन्न हळू सरकतं त्यामुळे जेवणानंतरची साखर एकदम वर उसळत नाही. एकदम २५ वर जाऊ नका, गॅस होऊन घरातले लोक तुमच्याशी बोलणं टाकतील. एका चमच्यापासून वाढवा. थायरॉइडची किंवा दुसरी गोळी असेल तर मेथीच्या आसपास घेऊ नका, दोन तास अंतर ठेवा, तोच चिकटपणा गोळीलाही अडवतो. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : सर, मी धडगावकडचा शिक्षक. माझ्या भावाला लहानपणापासून सिकलसेल आहे (एसएस). वय ३४. मागच्या वर्षी शुगर निघाली. जंगलातली एक मुळी आणि कारल्याच्या बियांची पावडर घेतो. त्याची एचबीए१सी ५.२ आली, सगळे म्हणाले बरा झाला. पण घरच्या मशीनवर जेवणानंतर २४० दाखवतं. मशीन खराब आहे का?

उत्तर : सर, मशीन बरोबर आहे. रिपोर्ट पण बरोबर आहे. चुकीचा आहे तो अर्थ, आणि या पत्राबद्दल तुमचे आभार कारण नंदुरबार जिल्ह्यात हा घोळ बऱ्याच घरांत होत असणार.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींवर चढलेला साखरेचा थर. साधी तांबडी पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते, तेवढे दिवस रक्तात फिरत साखर अंगावर घेत राहते म्हणून तीन महिन्यांचा हिशोब कळतो. सिकलसेल आजारात तीच पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. साखर चढायला वेळच मिळत नाही, मग शुगर कितीही असो, आकडा खालीच दिसतो. शिवाय हिमोग्लोबिनच वेगळं असल्याने काही मशीन चाचणीतच गोंधळतात. तर ५.२ वर पेढे वाटू नका. भावासाठी बोटातून रक्त काढून मोजलेली शुगर हाच खरा आकडा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, आणि लॅबमध्ये फ्रुक्टोसामाइन करता येतं, त्याचा पेशीशी संबंध नसतो. भिल्ल, पावरा घरांमध्ये ज्यांची सिकलची तपासणी झालेली नाही त्यांनी शुगरच्या रिपोर्टवर भरवसा ठेवण्याआधी ती करून घ्यावी, २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल मिशन चालू आहे, सरकारी दवाखान्यात विचारा.

दुसरं, कारल्याच्या बियांची पावडर आजपासून बंद. बियांमध्ये व्हायसिन असतं, बाकल्याच्या शेंगांत असतं तेच. ज्यांच्या रक्तात जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी अशा द्रव्याने फुटू शकतात. तुमच्या भावाच्या पेशी आधीच फुटतायत, त्यात आणखी कशाला. मुळी कुठली ते तुम्ही लिहिलं नाही, सप्तरंगी असेल तर ती आतड्यात पिष्टाची साखर व्हायचा वेग कमी करते, त्याच पद्धतीने चालणारी गोळी दुकानात मोजून मापून मिळते. डॉक्टरांकडे जाताना मुळीचा तुकडा सोबत न्या, लपवून ठेवू नका.

प्रश्न : बाजाराच्या दिवशी एक जण बसतो, त्याच्याकडून पावडर घेतली. तीन दिवसांत शुगर ३१० वरून ११०! तुम्ही लोक वर्षानुवर्षं गोळ्या देता आणि हा माणूस तीन दिवसांत? डबीवर काही लिहिलेलं नाही पण शुद्ध वनस्पती आहे असं तो म्हणाला. (शिरपूर)

उत्तर : आप्पा, तीन दिवसांत दोनशेने शुगर पाडणारा पाला मला अजून भेटलेला नाही. तशा गोळ्या मात्र भेटल्यात.

संशय असा आहे की त्या पावडरीत ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी कुटून घातलीये. हे मी मनाचं सांगत नाहीये, जगभर पकडलं गेलंय. २००० साली कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याला 'फक्त वनस्पती' म्हणून विकल्या जाणाऱ्या चिनी औषधांमध्ये हीच गोळी (तिकडे तिला ग्लायब्युराइड म्हणतात) आणि सोबत फेनफॉर्मिन हे शुगरचंच दुसरं औषध सापडलं. फेनफॉर्मिन जीवघेणं म्हणून तिकडे सत्तरच्या दशकातच बाद झालेलं. अशा पावडरीत गोळी किती हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं, एका चमच्यात कमी, पुढच्या चमच्यात तीन गोळ्यांची. किडनी थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती दोन दोन दिवस शुगर वर येऊ देत नाही.

परवाना असलेल्या आयुर्वेदिक औषधावर घटक, बॅच नंबर, तारीख, परवाना क्रमांक छापलेला असतो, तुमच्या डबीवर तर नावही नाही. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तो कायदा आजही लागू आहे. डबी फेकू नका, अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात देता येते. पावडर बंद केल्यावर शुगर परत वर जाईल तेव्हा घाबरून पुन्हा त्याच माणसाकडे जाऊ नका. आजच्या आज डॉक्टरकडे.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा, इन्शुलिन चालू आहे. नातेवाईक म्हणतात एका गावी औषध देतात, इन्शुलिन सुटतं. लेकराला रोज टोचताना बघवत नाही हो. नाव छापू नका.

उत्तर : नाव छापत नाही. ताई, इन्शुलिन एक दिवस पण बंद करायचं नाही.

मोठ्या माणसांची शुगर आणि तुमच्या लेकराची शुगर हे दोन वेगळे आजार आहेत, नाव एक असल्याने सगळा गोंधळ. त्याचं स्वादुपिंड इन्शुलिन बनवतच नाही, आणि वर ज्या ज्या पाल्याबद्दल लिहिलं तो एकही इन्शुलिनची जागा घेत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने ढकलण्यापलीकडे कुणाकडे काही नव्हतं. इन्शुलिन थांबलं की एक-दोन दिवसांत उलट्या, पोटात दुखणं, खोल खोल श्वास, तोंडाला सडक्या फळासारखा वास, आणि मग शुद्ध जाते. यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. नातेवाइकांना माझं नाव सांगा, भांडण माझ्याशी करू द्या.

सुया आता फार बारीक मिळतात, चार मिलिमीटरच्या, पेनला लावायच्या. जागा रोज बदला. इन्शुलिन फ्रिजमधून काढून थोडं बाहेर ठेवून मग टोचलं की कमी झोंबतं.

प्रश्न : दारात सदाफुली आहे, रोज पाच फुलं चावून खातो. आणि नर्सरीतून इन्शुलिनचं झाड आणलंय. (पारोळा)

उत्तर : सदाफुली थांबवा. तिची गोष्ट मोठी मजेशीर आहे. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी जमैकाहून आलेली सदाफुलीची पानं तपासली, तिकडे शुगरवर तिचा काढा पितात म्हणून. शुगर काही उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड खाली आल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघालं, कॅन्सरचं औषध. म्हणजे तुम्ही रोज सकाळी जे झाड चावताय ते केमोथेरपीचं झाड आहे, दारातच शोभू द्या.

इन्शुलिनचं झाड म्हणतात त्यात इन्शुलिन नसतं, ते मूळचं ब्राझीलकडचं, पानं आंबट लागतात. फुलं छान येतात.

प्रश्न : तुम्ही गोळीवाले झाडपाल्याला मानतच नाही. गुडमार, गुळवेल हे हजारो वर्षांचं ज्ञान आहे. कंपन्यांचं दुकान बंद होईल म्हणून तुम्ही बोलत नाही. (धुळे, निवृत्त कर्मचारी)

उत्तर : नाना, तुमचं पत्र पूर्ण वाचलं, चारही पानं.

गुडमार, ज्याला आपल्याकडे बेडकीचा पाला पण म्हणतात, तो मी स्वतः चावलाय. दोन पानं, मिनिटभर, कडवट गवतासारखी चव. मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवली, आणि साखर नव्हे ती, वाळू. दाताखाली करकर वाजते पण गोड म्हणून काहीही नाही. गूळ खाल्ला तर ओल्या मातीसारखा. मीठ मात्र खारटच लागत होतं. पाऊण तासाने चव परत आली. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरचं गोड ओळखणारं कुलूप तेवढा वेळ अडवून ठेवतात. मिठाई सुटत नसेल त्याने जेवणानंतर पान चावावं, ही युक्ती मी पेशंटना सांगतो सुद्धा. पण जिभेला गोड लागलं नाही म्हणजे रक्तातली साखर उतरली असं नाही.

गुळवेलीचं म्हणाल तर कोरोनाच्या काळात, २०२० च्या शेवटी, मुंबईत तिचा काढा घेणाऱ्या सहा जणांना कावीळ आणि लिव्हरचा त्रास झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी छापलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल. असेलही. पण बाजारातल्या दांडक्यावरून तुम्ही आम्ही ती ओळखणार कशी?

आणि झाडाला न मानण्याचं म्हणाल तर तुम्ही स्वतः रोज मेटफॉर्मिन घेता असं पत्रातच आहे. ती झाडातूनच आली. युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप आहे, जुन्या काळी जास्त लघवी आणि तहान लागणाऱ्यांना द्यायचे. त्यातलं द्रव्य साखर कमी करायचं पण विषारी, मेंढ्या खाऊन मरायच्या. लोकांनी त्याच्या भावकीतली द्रव्यं बनवून बघितली, १९२२ मध्ये मेटफॉर्मिन तयार झालं, १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते पेशंटना दिलं, अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९९४ मध्ये. अलीकडच्या लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या पण सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनवरून सुचलेल्या, ते १८३५ मध्येच सापडलं होतं. झाडाला आम्ही मानलं नाना, फक्त किती मिलिग्रॅम ते ठरवायला शंभर-दीडशे वर्षं गेली. जेनेरिक मेटफॉर्मिन दोन-तीन रुपयांत येते, त्या धंद्यात कुणी मोठा झाल्याचं मला तरी दिसलं नाही, कारल्याच्या ज्यूसच्या बाटलीची किंमत बघा एकदा.

प्रश्न : आखाजीला माहेरी जायचंय. आमरस आणि मांडे असणारच. जांभूळबियांची पावडर आधी घेतली तर चालेल ना? (जळगाव)

उत्तर : आईच्या बरणीतली पावडर मीही खाल्लीये, तुरट असते, नुकसान नाही, पण तिच्या भरवशावर दुसरा मांडा घेऊ नका. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा पाजून बघितला होता, साध्या चहाएवढाच निघाला, आणि बियांवर माणसांतले भक्कम अभ्यास नाहीत. एक मांडा चौघीत वाटून घ्या, तो पातेल्याएवढा असतो. रस छोटी वाटी, साखर न घालता, सोबत डाळ किंवा कळण्याची भाकरी असू द्या म्हणजे पोट रसानेच भरणार नाही. गोळीची वेळ चुकवू नका. झोक्यावर बसायच्या आधी गावात एक चक्कर मारा, मैत्रिणी भेटतीलच, आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजलेला आकडा मला पुढच्या पत्रात कळवा.